आगीशिवायचा अग्निबाण

ऑगस्ट लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास एक निरोप येतो. 'शनिवारी पाल्यासोबत कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली पाठवावी. उपक्रम : वॉटर रॉकेट. विषय : विज्ञान, गणित, मराठी, इतिहास, कार्यानुभव.' खाली लगेच प्रश्नांची रांग लागते. झाकणासकट पाठवायची का? साध्या पाण्याची बाटली चालेल का? मग एखादे बाबा मुद्द्याचं विचारतात : रॉकेट विज्ञानात आलं हे समजलं, पण त्यात मराठी कुठून आली?

प्रश्न रास्त आहे. चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं तो २३ ऑगस्ट आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळतात, त्यामुळे शाळांना त्या सुमारास काहीतरी उडवायचं असतं. दुसरीकडे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की मुलांना करून शिकू द्या आणि विषयांमधल्या भिंती पातळ करा. या दोन गोष्टींची गाठ कोल्ड्रिंकच्या बाटलीत पडते. मी नागपुरातल्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो आणि गेली काही वर्षं पोट्ट्यांबरोबर या बाटल्या उडवतो. उड्डाण पाच सेकंदांत आटपतं. शिकणं होतं ते दोन उड्डाणांच्या मध्ये जी भांडणं होतात त्यांत. त्या भांडणांना कुठले विषय लागतात आणि कुठले लागत नाहीत, ते सांगण्यासाठी हा लेख.

बाटलीत नेमकं काय होतं?

लागतं ते एवढंच : शीतपेयाची बाटली, तिच्या तोंडात घट्ट बसेल असं रबरी बूच, बुचातून आरपार बसवलेला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि पंप. बाटलीत साधारण तिसरा हिस्सा पाणी भरायचं, बूच दाबून लावायचं, बाटली उलटी करून स्टँडवर उभी करायची आणि पंप मारत राहायचं. हवा बुडबुड्यांनी पाण्यातून वर चढते आणि वरच्या रिकाम्या जागेत साठते. शेवटी बुचाचा टिकाव लागत नाही. पाणी खाली सुटतं, बाटली वर जाते, आणि पंप मारणारा भिजतो.

साठलेली हवा काय करते हे समजायला सकाळी साडेनऊची आपली बस डोळ्यांसमोर आणा. सीताबर्डीला जाणारी बस आधीच भरलेली, त्यात प्रत्येक थांब्यावर आणखी चारजण घुसतात. जागा तेवढीच, माणसं जास्त, म्हणून प्रत्येकजण प्रत्येकाला रेटतो आणि दारातल्याची अवस्था वाईट होते. बाटलीतल्या हवेचंही तसंच. कोंबली की ती सगळीकडून रेटते. हा रेटा म्हणजे दाब. पंपावरच्या गेजवर तो 'पीएसआय'मध्ये दिसतो, म्हणजे एक चौरस इंच जागेवर किती पौंड जोर पडतो तो आकडा. ४५ पीएसआय म्हणजे जवळपास कॅरमच्या सोंगटीएवढ्या जागेवर वीस किलोचा भार. हे ऐकलं की मुलं बाटलीकडे जरा आदराने बघू लागतात.

आता बाटली वर का जाते? ज्याने उन्हाळ्यात कूलर भरलाय त्याला हे सांगायची गरज नाही. नळ पूर्ण सोडला आणि पाईप कूलरच्या टाकीत नीट अडकवला नसेल तर तो सापासारखा वळवळत उसळतो, आणि खोलीभर पाणी होतं. पाणी एका बाजूला जोरात निघतं, पाईप उलट्या बाजूला ढकलला जातो. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला गतीचा तिसरा नियम तो हाच. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा आहे. आमच्याकडे मात्र तो दर मे महिन्यात बाल्कनीत होतो.

आकडे काढले तर मजा वाटते. ४५ पीएसआयला पाणी सुरुवातीला ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने बाहेर पडतं. बाटलीचं तोंड आतून बावीसेक मिलिमीटर रुंद, तेवढ्यातून निघणाऱ्या पाण्याचा धक्का जवळपास २३ किलो वजनाएवढा, म्हणजे दुसरीतलं एक पोरगं. रिकामी बाटली पंख-नाकासकट १२० ग्रॅमची आणि त्यात साडेसहाशे ग्रॅम पाणी. पाऊण किलोच्या वस्तूला खालून दुसरीतल्या पोराएवढा धक्का बसला तर ती थांबेल कशी? सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपून जातं. त्यापुढचा सगळा प्रवास बाटली नुसत्या मिळालेल्या वेगावर करते, फेकलेल्या दगडासारखा.

वजनाचा हिशोब इथेच लिहून ठेवायला सांगतो. सहापैकी पाच भाग पाणी, एक भाग बाटली. चंद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ हे रॉकेट उड्डाणाच्या वेळी ६४० टनांचं होतं, त्यात बहुतांश इंधन, आणि चंद्रयानाचा वाटा जेमतेम चार टन. रॉकेट म्हणजे मुख्यतः फेकून द्यायचं सामान, हे बाटली तराजूवर ठेवली की पटतं.

जास्त पाणी भरलं तर जास्त वर जाईल ना?

हा प्रश्न दरवर्षी येतो, साधारण तिसऱ्या उड्डाणानंतर. "सर, पूर्ण भरलं तं अजून वर जाईन ना?" मी उत्तर देत नाही. म्हणतो, भर.

काठोकाठ भरलेली बाटली हातभर उडून आपटते आणि सगळे हसतात. मग कोणीतरी उलट टोक धरतं : पाणी नकोच. नुसत्या हवेची बाटली फट्‌ करून झाडाच्या फांदीपर्यंत जाते आणि संपतं. म्हणजे खरं उत्तर मध्ये कुठेतरी आहे.

इथे मला गलोल आठवते. तिच्यात रबर ओढायचं काम करतं आणि दगड उडतो. बाटलीत हवा म्हणजे रबर, पाणी म्हणजे दगड. दगड अगदी बारीक असेल तर रबराचा जोर त्याला नीट लागतच नाही. दगड पेरूएवढा असेल तर रबर त्याला ढकलू शकत नाही. बाटलीत आणखी एक पेच आहे, कारण जागा ठरलेली. जितकं पाणी जास्त तितकी हवेला जागा कमी, म्हणजे दगड वाढवला की रबर आपोआप आखूड होतं. म्हणून सौदा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जुळतो.

हे मी सुरुवातीला सांगून टाकायचो. फळ्यावर लिहायचो, 'पाणी : एक तृतीयांश', मुलं वहीत उतरवायची, आणि मग बाटली उडवून टाळ्या. दोन वर्षांनी त्याच मुलांना विचारलं, तर टाळ्या आठवत होत्या, आकडा नाही. आता ते स्वतः शोधतात. शून्य, २००, ४००, ६००, ८००, १२०० मिलिलिटर, प्रत्येकी तीन उड्डाणं, आणि प्रत्येक उड्डाणाआधी अंदाज वहीत पेनाने लिहायचा. पेनाने, कारण पेन्सिलीचे अंदाज उड्डाणानंतर फार अचूक होतात.

नऊ मजल्यांची उंची टेपने कशी मोजायची?

इथे गणित बोलावं लागत नाही, ते स्वतःच येतं. दोन गट 'आमचंच जास्त वर गेलं' म्हणून भांडत असतात आणि कोणाकडेही आकडा नसतो.

कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला नट बांधा. झालं उंची मोजायचं यंत्र. स्टँडपासून ३० मीटर लांब उभं राहून स्ट्रॉमधून रॉकेट सर्वांत वर असताना पाहायचं आणि दोरा तिथेच अंगठ्याने दाबायचा. नववी-दहावीची मुलं त्या कोनाचा टॅन, म्हणजे उंची भागिले अंतर, काढतात. सहावीच्या मुलांना त्रिकोणमिती कुठून येणार? ती आलेख-कागदावर एक सेंटिमीटरला तीन मीटर असं प्रमाण धरून त्रिकोण काढतात आणि पट्टीने उंची मोजतात. उत्तर तेच येतं, आणि पुढे टॅन शिकवताना त्यांना तो ओळखीचा वाटतो.

दुसरी रीत स्टॉपवॉचची. सुटल्यापासून आपटेपर्यंतच्या सेकंदांचा वर्ग करा आणि १.२ ने गुणा. ढोबळ उंची मीटरमध्ये मिळते.

एकदा दोन्ही रीती एकाच उड्डाणावर लावल्या. कोन ३८ अंश, म्हणजे मोजणाऱ्याच्या डोळ्यांची उंची धरून २५ मीटरच्या जरा खाली. घड्याळ ४.८ सेकंद, म्हणजे जवळपास २८. तीन मीटर गेले कुठे? एक म्हणाला, घड्याळवालीचा अंगठा उशिरा पडला. ती म्हणाली, उशीर झाला असता तर दोन्हीकडे झाला असता, सुरू करताना पण आणि बंद करताना पण. दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग पतंगात मुरलेला एक पोट्टा, जो एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघतो, म्हणाला, "सर, वारा तिकून इकडं होता. रॉकेट कोनवाल्यापासून लांब गेलं. लांबचं खाली दिसते ना." बरोबर होतं. त्या दिवसापासून कोन मोजणारे दोन, समोरासमोर, आणि दोघांची सरासरी. 'सरासरी का काढायची' हे मी इतकी वर्षं शिकवतोय, पण कोणी ती स्वतःहून मागितल्याचं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आलेख घुमटासारखा येतो : वर चढतो, मधे माथा, परत खाली. पण ४०० मिलिलिटरचा एक ठिपका आमच्या आलेखात दरवर्षी कुठेतरी भलतीकडे असतो. कारण बुचात आहे. कोणी दातओठ खाऊन दाबतं, कोणी हलकंच, आणि बूच कधी सुटेल ते त्यावर ठरतं. म्हणजे आम्ही पाणी बदलतोय असं समजतो आणि नकळत दाबही बदलतो. विज्ञानाच्या भाषेत, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मोडतो. मुलांनीच मग उपाय काढला : गेजवर ठरलेला आकडा आला की दोरीने ओढून सुटेल अशी पकड बसवायची.

सरळ का जात नाही? शेपूट आणि नाक

पहिली बाटली बहुतेकदा हवेत कोलांट्या खाते. त्यावर मुलांचा पहिला उपाय म्हणजे पंख आणखी मोठे करणं. पंख लागतातच, पण अर्धं उत्तर नाकात आहे.

बॅडमिंटनचं फूल बघा. कसंही मारा, बुचाचा जड भाग पुढे होतो आणि पिसं मागे राहतात. जड ते पुढे, हवा अडवणारं ते मागे. बाटलीला हेच हवं. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे चितार ओळीतून, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतून, मूर्तीची माती येते, त्यातली लिंबाएवढी गोळी करून अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या चेंडूत भरायची आणि चेंडू बाटलीच्या बुडावर टेपने बसवायचा. पंख जुन्या फाइलच्या प्लास्टिकचे, तीन किंवा चार, खाली तोंडाजवळ. मग बाटली जिथे तोलून राहते तिथे दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायची. नाक पुढे ठेवून फिरली तर उडवण्यालायक. तिरकी किंवा उलटी फिरली तर आणखी माती.

ही चाचणी वर्गात होते, पाऊस असला तरी. ऑगस्टातल्या नागपुरात हा मोठा फायदा आहे.

पण पाणी जमिनीला ढकलतं म्हणूनच बाटली उडते ना?

मोठी माणसंही असं धरून चालतात, त्यामुळे लाजायचं कारण नाही. जमिनीला किंवा मागच्या हवेला रेटूनच रॉकेट पुढे जातं, मग अंतराळात जिथे हवाच नाही तिथे ते काम कसं करणार? १३ जानेवारी १९२० च्या अंकात न्यूयॉर्क टाइम्सने अगदी याच मुद्द्यावरून रॉबर्ट गॉडर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाची थट्टा केली, शाळकरी ज्ञानही याला नाही अशा सुरात. पुढे १६ जुलै १९६९ ला अपोलो-११ चंद्राकडे निघालं. दुसऱ्या दिवशी त्याच वृत्तपत्राने चूक मान्य करणारी छोटी दुरुस्ती छापली. गॉडर्ड १९४५ मध्येच वारले होते.

खरं कारण कूलरच्या पाईपातच आहे. बाटली पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर. तिसऱ्या कोणाची गरज नाही. पटत नसेल तर चाकांच्या खुर्चीत बसून कुशीतली तांदळाची पिशवी जोरात समोर फेका. फरशीला हात न लावता खुर्ची मागे सरकते.

मग मराठी कुठून आली?

आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे.

एप्रिलमधल्या सुट्टीतल्या वर्गात आमची एक बाटली वाऱ्याने भरकटली आणि शेजारच्या गच्चीवर पडली. तिथे जुन्या साडीवर कुरडया वाळत होत्या. बाटलीत उरलेलं पाणी, नाकातली माती, सगळं कुरडयांवर. माफीचं पत्र लिहायचं ठरलं. गटातल्या सातजणांनी सात मसुदे केले. पहिल्या मसुद्यात 'आपली कृपादृष्टी राहावी' वगैरे पुस्तकी मायना होता, तो त्यांनीच खोडला. शेवटी जे गेलं त्यात पहिलं वाक्य होतं, 'काकू, तुमच्या कुरडयांवर पडलेलं रॉकेट आमचं आहे.' कबुली पहिल्याच वाक्यात, मग कसं घडलं, मग भरपाई काय करणार. पत्रलेखनाचे पाच गुण मी कितीतरी वर्षं वाटले असतील, पण पत्र खरंच कोणालातरी पोचायचं असलं की वाक्यं कशी सरळ होतात ते तेव्हा पाहिलं. काकूंनी बाटली परत दिली. कुरडयांबद्दल काही बोलल्या नाहीत, जे जास्त वाईट होतं.

दुसरा प्रयोग ठरवून करतो. प्रत्येक गटाने आपलं रॉकेट कसं बनवलं ते लिहायचं, आणि तो कागद दुसऱ्या गटाला द्यायचा. त्यांनी फक्त कागदावर जे आहे तेवढंच करायचं, विचारायचं नाही. 'बूच लावा आणि पाणी भरा' असं लिहिलेल्या गटासमोर दुसरा गट बूच लावून हातात पाण्याचा मग घेऊन शांतपणे बसला. आज्ञार्थ, क्रम, 'मग' आणि 'तोपर्यंत' यांतला फरक, सगळं त्या मगाने शिकवलं.

आणि शब्द. रॉकेटला मराठीत अग्निबाण म्हणतात. "सर, याच्यात अग्नी कुठंय?" आगीशिवायच्या अग्निबाणाला काय म्हणायचं यावर वर्गात मतदान झालं, 'जलबाण' दोन मतांनी जिंकला, 'फुस्स' हरला. पण त्यातून 'बाण' शब्दाचा माग काढावासा वाटला आणि आम्ही इतिहासात पोचलो.

इतिहास, थोडक्यात

जुन्या मराठी बखरींमध्ये तोफा, जेजाला (मोठ्या बंदुका) यांच्या जोडीला बाण येतात, ते धनुष्याचे नाहीत. दारू भरलेली नळी लांब काठीला बांधून शत्रूवर सोडायची, तो बाण. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूच्या फौजेने त्याची नळी लोखंडाची केली, त्यामुळे आत दाब जास्त झेपायचा आणि बाण लांब जायचा. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्याचा मार खाल्ला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर यातले काही बाण इंग्लंडला गेले आणि ते पाहून विल्यम काँग्रीव्हने ब्रिटिश लष्करासाठी रॉकेट बनवलं. लोखंडी नळी जास्त दाब झेलते हे ऐकून एका मुलीने विचारलं, मग आपण कोल्ड्रिंकचीच बाटली काऊन घेतो, साध्या पाण्याची काऊन नाही? कारण तेच. सोड्याचा गॅस झेलायला ती मुळातच मजबूत केलेली असते. इतिहासाच्या तासाला असा प्रश्न आला तर तो तास फुकट गेला असं कोण म्हणेल?

तिथून थुंबा. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या त्या मच्छीमार गावातून भारताच्या भूमीवरचं पहिलं संशोधन-रॉकेट सुटलं, ते अमेरिकी बनावटीचं होतं. त्या काळात रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. आम्हाला सायकलचा फक्त पंप लागतो.

सगळे विषय ओढूनताणून बसवायचे का?

नाही, आणि इथे मी उपक्रमवाल्यांच्या विरोधात आहे. एका तक्त्यावर मी पाहिलंय : रॉकेट मधोमध, भोवती नऊ विषयांचे फुगे, आणि 'संगीत' या फुग्यात लिहिलेलं, 'उलटी गणती तालात म्हणणे'. हे मुलांच्या आधी पालकांना कळतं आणि मग सगळ्याच उपक्रमावरचा विश्वास उडतो. विषय प्रश्नातून यावा. भूगोल आमच्याकडे आला तो वाऱ्याबरोबर. चित्रकला आली तर पंख रंगवण्यापुरती, त्याहून जास्त तिचं सोंग करू नये. कार्यानुभव तर पहिल्या टेपपासून चालू असतो, त्याला वेगळा फुगा नको.

आणि दहावीचं काय?

दहावीच्या पालकांना वेळ वाया जाण्याची धास्ती असते. विज्ञान भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण आणि अवकाश मोहिमा असे दोन धडे आहेत, गणितात त्रिकोणमिती आहे. दोन शनिवार त्यासाठी दिले तर मला महाग वाटत नाहीत. चार शनिवार दिले तर मलाही वाटतील.

मात्र एक गोष्ट दिसते ती सांगायला हवी. मोकळं सोडलं की पंप मुलगे पकडतात आणि मुलींकडे रंगकाम जातं. मी आता कामांच्या चिठ्ठ्या टाकतो आणि प्रत्येक उड्डाणाला बदलतो. पहिल्या दिवशी कुरकुर होते. तिसऱ्या दिवशी गेजचा आकडा मोठ्याने वाचणारी पोरगी कोणालाही एक पीएसआय जास्त मारू देत नाही.

पाणी वाया नाही का जात?

एप्रिलमध्ये हे विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, आमच्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या वस्त्या आहेत. तीस उड्डाणं गुणिले साडेसहाशे मिलिलिटर, म्हणजे वीसेक लिटर, दीड बादली. घरातला एक कूलर भर दुपारी याहून जास्त पितो. तरीही स्टँड आम्ही झाडाच्या आळ्याशेजारी लावतो, म्हणजे निदान कडुनिंबाला मिळतं.

धोका किती?

या भागात मी सैल सोडत नाही. बाटली फक्त शीतपेयाची, काच किंवा धातू कधीच नाही. तिला चटका, ओरखडा, गरम गोंद काहीही लागता कामा नये, जे चिकटवायचं ते टेपने. पंपाला गेज नसेल तर उडवू नका. आम्ही ४५ वर थांबतो, ५० ओलांडत नाही. पंपाची नळी लांब असावी, बाकी मुलं दहा मीटर मागे, पंपवाल्याच्या डोळ्यांवर चष्मा. नाक टोकदार नको, म्हणून तर चेंडू. सुटली नाही तर कोणीही वाकून बघायचं नाही. मोठ्या माणसाने थांबून, लांब काठीने बूच ढिलं करायचं. बाटलीवर पांढरट घड्या दिसल्या की ती कबाडीला. उन्हात तापत ठेवलेली बाटलीही नको, प्लास्टिक उष्णतेने मऊ पडतं आणि आमचं ऊन सगळ्यांना माहीत आहे.

नव्या बाटलीची परीक्षा मात्र बघण्यासारखी असते. ती पाण्याने काठोकाठ भरून, उडणार नाही अशी बांधून, नेहमीपेक्षा थोडा जास्त दाब देतात. पाणी भरलेली बाटली जास्त सुरक्षित कशी? कारण पाणी दाबून आकसत नाही, त्यामुळे त्यात जोर साठत नाही. फुटली तर नुसती गळते. हवा स्प्रिंगसारखी आकसलेली असते, म्हणून हवेची बाटली फुटली तर धमाका होतो. आधी बसवलेलं गलोलीचं उदाहरण मुलं इथे स्वतःहून लावतात : रबरच नाही, तर दगड उडणार कसा?

कुठे आणि कधी

मोकळं मैदान, वर तारा नाहीत, जवळ रस्ता नाही, सोनेगावच्या विमानतळाच्या आसपास तर अजिबात नाही, आणि आता मी शेजारच्या गच्च्याही बघतो. वेळ सकाळी आठच्या आत, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि पायही भाजत नाहीत.

येत्या शनिवारसाठी मुलांनी प्रश्न काढलाय : पाण्यात साबण घालून फेस केला तर? फेसात हवा आणि पाणी एकत्र, म्हणजे गलोलीचं रबर आणि दगड कालवलेले. मला काय वाटतं ते मी सांगितलेलं नाही. अंदाज पेनाने लिहून झालेत. अकरा जणांनी 'जास्त वर', सात जणांनी 'कमी', आणि एकाने लिहिलंय, 'सर, ग्राउंड घसरडं होईन.'